चार बोटं वर, दोन बोटं खाली

आमच्या वर्कशॉपमध्ये किस्सा घडायला फार सामान लागत नाही. एक गाडी, एक गाडीवाला आणि ‘मी आपला सहज आलोय’ म्हणत सोबत आलेला त्याचा एक मित्र, एवढं पुरतं. गाडी जाते, गाडीवाला जातो, मित्र तर चहा पिऊन सगळ्यात आधी जातो; किस्सा मात्र शेडमध्येच राहतो. कोपरीत शनिवारी आम्ही मैत्रिणी भेटलो की माझी तब्येत कोणी विचारत नाही. थेट प्रश्न येतो, “बोल, या आठवड्यात कोण आलेलं?”

तर आधी माणसं सांगते. ठाण्यात कोलशेतला, खाडीकाठच्या जुन्या कारखान्यांच्या गल्लीत आमची शेड आहे. मालक भोईरदादा, कल्याणजवळच्या गावातले आगरी. त्यांनी हळू आवाजात काही सांगितलं तर पलीकडच्या कारखान्यातला वॉचमन ‘हो’ म्हणतो. मेकॅनिक नायकमामा, मालवणकडचे. बोलणं त्यांना पेट्रोलसारखं महाग वाटतं. आणि मी, तन्वी. मेकॅनिकल इंजिनिअर, आणि शेडमधली सगळ्यात जास्त दचकणारी वस्तू.

आमचं काम असं. लोक हौसेने चार दारांच्या मोठ्या पिकअप घेतात आणि मग कंपनीने दिलेली उंची त्यांना आवडेनाशी होते. अशा गाडीच्या पुढच्या चाकांना आम्ही कॉइलओव्हर बसवतो. म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकच जोड. शॉकच्या अंगावर आटे असतात आणि आट्यांवर एक जाड कॉलर, बरणीच्या झाकणासारखी. ती आवळली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडीचं नाक वर जातं. सैल केली की खाली येतं. इतकं सोपं आहे. फक्त मध्ये माणूस यायला नको!

दादांनी मला गणपतीपर्यंत ट्रायलवर ठेवलेलं. अट एकच. तोपर्यंत एक तरी गाडी मी एकटीने लावायची आणि गाडीवाला खूश होऊन गेला पाहिजे. नाही जमलं तर बाबांनी स्टेशनजवळच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची बघून ठेवलेली. “डोक्यावर पंखा, समोर कॉम्प्युटर. काही उडत नाही, काही फुटत नाही,” असं बाबा त्या खुर्चीचं वर्णन करायचे. मला ती खुर्ची नको होती. पण दादा मला एकटीला गाडी द्यायला तयारच नव्हते आणि त्याला कारण माझा पहिला दिवस!

*

पहिल्या दिवशी मी नवा कुर्ता घालून, केस बांधून, वही घेऊन गेलेले. दादा मला शेड दाखवत होते. “ही लिफ्ट. हा अलाइनमेंटचा मशीन. हा कॉम्प्रेसर.”

मी कॉम्प्रेसरकडे बघून शहाण्यासारखी मान हलवली. त्याच क्षणी त्याने आतली जादा हवा सोडली. “फस्स्स्स!”

पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी एकावर एक रचलेल्या टायरच्या थप्पीवर उभी होते आणि वही कॉम्प्रेसरजवळ पडलेली. एवढ्या उंच मी कशी चढले, हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. मला तर नाहीच.

नायकमामांनी न बोलता शिडी आणून लावली.

दादा खालून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “काय गो पोरी, आमच्याकडं लिफ्ट हाय ना! सांगायचं, आम्ही चढवली असती!”

*

गाडीची उंची मोजायची शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे चाकाच्या मधोमध टेप धरायची आणि वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. कॉलेजात हे शिकवतात. पण एकही गाडीवाला कधी मिलिमीटरमध्ये बोलत नाही. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालतो आणि म्हणतो, “दादा, चार बोटं आहे, दोन करा.” किंवा उलटं.

आता बोटं कोणाची? कल्याणचा एक व्यायामशाळावाला आलेला. “तीन बोटं ठेवा” म्हणून फोनवर सांगून गाडी पाठवून दिली. दादांनी स्वतःची तीन बोटं घातली आणि गाडी लावली. दादांचं एकेक बोट म्हणजे गवार नव्हे, शेवग्याची शेंग. संध्याकाळी व्यायामशाळावाला आला, फटीत हात घातला, तर त्याचं मनगट आत गेलं! म्हणजे त्याचे दंड मोठे, पण बोटं अगदी नाजूक निघाली. परत चाकं काढली, परत कॉलर फिरवल्या.

तेव्हापासून दादांनी नियमच केला. नवीन गिऱ्हाईक आलं की चावी घेण्याआधी म्हणायचं, “हात दाखवा.”

परवा डोंबिवलीचे एक काका आले. दादांनी गंभीर चेहऱ्याने “हात दाखवा” म्हटल्याबरोबर काकांनी चप्पल काढली, उजवा तळवा पुढे केला आणि हळूच विचारलं, “मुलीच्या लग्नाचं पण सांगता का?”

*

आणखी एक गोष्ट असते. गाडी रिकामी असताना उंची बरोबर दिसली तरी चालवणारा बसला की त्या बाजूने ती बसते. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे की मालकाला त्याच्या सीटवर बसवूनच शेवटचं माप घ्यायचं. पण मोठी माणसं स्वतः येत नाहीत, ड्रायव्हर पाठवतात. एक साळवीसाहेब होते, चांगले भरभक्कम. त्यांनी पाठवलेला ड्रायव्हर मात्र असा की सीटबेल्ट लावला तर तोच दिसायचा, ड्रायव्हर दिसायचा नाही.

दादांनी साहेबांना फोन केला. “साहेब, तुमचं वजन?”

“कशाला?” असं साहेबांनी दोनदा विचारलं. मग साहेबांनी आकडा सांगितला. दादांनी तो कमी वाटतोय असं म्हणत स्वतःच थोडा वाढवला.

मग शेडमध्ये बेरीज सुरू झाली. नायकमामा जास्त होत होते. ड्रायव्हर कमी. शेवटी मला सीटवर बसवलं आणि पलीकडच्या दुकानातून तांदळाचं अर्धं पोतं आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

“हां! आता झालं,” दादा खूश झाले. “तू नि अर्धं पोतं म्हणजे एक साळवीसाहेब! हलू नको गो.”

मी पोतं कवटाळून बसले. तेवढ्यात शेजारी हातोडा पडला आणि मी दचकले. “साळवीसाहेब, नीट बसा!” दादा ओरडले.

घरी गेल्यावर आईने रोजच्यासारखं विचारलं, “आज काय काम केलंस?”

मी म्हटलं, “आज साळवीसाहेब झाले.”

आई आत जाऊन बाबांना म्हणाली, “तिची त्या क्लासवाल्यांशी जरा लवकर बोलणी करा.”

*

डोंबिवलीला मानपाड्याला राहणारे एक म्हात्रे होते. त्यांची तक्रार एकच. “गाडी डावीकडे कललीय.”

आम्ही मोजली. सरळ होती. तरी त्यांच्या समाधानासाठी सगळं उघडून, आटे साफ करून, परत लावली. गेले. दुसऱ्या दिवशी हजर. “अजून डावीकडे कललीय.” आम्ही परत मोजली. परत सरळ. “इथे सरळ दिसते हो, घरी नेली की कलते!” गाडीला नजर लागली असणार, असं त्यांच्या मित्राचं मत पडलं. मित्र अर्थातच सहज आलेला.

शेवटी दादा, मी आणि पाण्याची लेव्हल-ट्यूब असे तिघं त्यांच्या सोसायटीत गेलो. गाडी खरंच कललेली! दादांनी चाकांखालची जमीन बघितली. ट्यूब जमिनीला लावली. मग पार्किंगच्या या टोकाला मला उभं केलं, त्या टोकाला म्हात्रेंना. तोपर्यंत गॅलऱ्या भरलेल्या. लहान मुलं, आज्या, सोसायटीचे चेअरमन, सगळे.

दादांनी ट्यूब गुंडाळली आणि जाहीर केलं, “गाडी सरळ हाय. पार्किंग वाकडा हाय.”

म्हात्रेंना एवढा आनंद झाला की त्यांनी दादांना मिठीच मारली. चेअरमन मात्र विचारात पडले. थोड्या वेळाने पुढे आले आणि दादांना बाजूला घेऊन म्हणाले, “गाडीचं राहू द्या. अख्ख्या सोसायटीचं लावून द्यायचं काय घ्याल?”

*

हेडलाइटचा एक छोटासा किस्सा आहे, सांगून टाकते. गाडीचं नाक वर केलं की हेडलाइटही वर बघायला लागतात, ते नंतर खाली करून घ्यावे लागतात. कोपरीतला एक मुलगा घाईत होता, “उद्या येतो” म्हणून तसाच गाडी घेऊन गेला. उद्या काही आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मला काळजी लागली. समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड जातो हो! मी फोन करकरून त्याला बोलावलं. तो आला आणि कानकोंडा होऊन म्हणाला, “मॅडम, नका ना खाली करू. संध्याकाळी गाडी लावताना समोरच्या आजींच्या खिडकीत उजेड जातो. त्या म्हणतात, आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो!”

हेडलाइट आम्ही खाली केले. आजींना नायकमामांनी आपला जुना टॉर्च पाठवून दिला.

*

हळूहळू माझं दचकणं थोडं कमी होत होतं. निदान मला तरी तसं वाटायचं. एकदा एक राणे आले. “स्पीडब्रेकरवर खालून गडगड असा आवाज येतो. कॉलर सैल झाली बहुतेक.”

मी मनात म्हटलं, ही गाडी मी मागून घेते. दादा म्हणाले, “आधी आवाज शोध, मंग बघू.”

मी मागच्या सीटवर बसले, राणे चालवायला. पहिला स्पीडब्रेकर. “गडगड गडगड!” मी किंचाळले. राणे माझ्या किंचाळण्याने दचकले आणि ब्रेक दाबला. “गडगड गडगड!” मी परत किंचाळले. रस्त्यावरचा एक माणूस खिडकीशी येऊन मला विचारायला लागला, “ताई, काही प्रॉब्लेम आहे का? ओळखता का यांना?”

त्या माणसाची समजूत काढली आणि मग धीर करून सीटखाली हात घातला. हाताला काहीतरी थंड, गोल, गुळगुळीत लागलं. ओढून काढलं. वरवंटा! चांगला दगडी, काळाभोर वरवंटा. सीटखाली इकडून तिकडे लोळत होता.

राणेंचा चेहरा पडला. “आईने गावाहून दिलेला. हिला म्हटलं वाटेत कुठेतरी हरवला.”

“मग बरं झालं ना, सापडला!” मी म्हटलं.

“बरं काय? हरवला म्हणून तर हिने मिक्सर घेतला. आता हा घरी नेला तर आई म्हणणार, मिक्सर परत करा. मिक्सर परत केला तर ही मला परत करणार!” त्यांनी मागे-पुढे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, जिथे होता तिथेच ठेवा. त्या आवाजाची सवय झालीय मला.”

कॉलरला हात लावायची वेळच आली नाही. माझी गाडी परत हुकली.

*

गणपती अगदी तोंडावर आले. बाबांनी क्लासवाल्यांना सोमवारचा शब्द दिलेला. आणि त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी एल्विन आणि त्याची आई आले.

एल्विन इथलाच, कोलशेतच्या ख्रिश्चन वाडीतला. त्याने दुसरीकडून कॉइलओव्हर बसवून गाडी पार वर नेऊन ठेवलेली. त्याची आई फिलूमावशी. फुलाफुलांचा झगा, हातात छत्री, उंचीला माझ्या खांद्याएवढी. आधी दर रविवारी ती पुढच्या सीटवर बसून चर्चला जायची. गाडी उंच झाल्यापासून तिला चढताच येत नव्हतं.

“पुढे मुलाची गाडी, मागे माझी रिक्षा!” मावशी दादांना सांगायला लागली. “सगळी वाडी विचारते, फिलू, भांडण झालं का गो?”

“मम्मी, खाली पायरी लावू म्हटलं ना मी!”

“लटकायला मी काय कंडक्टर आहे?”

“अगं, पण उंचीच गेली तर गाडीत उरणार काय?”

“मी!” मावशी म्हणाली.

एल्विनला एक बोटही कमी करायचं नव्हतं. मावशीला गाडी जमिनीला टेकलेली हवी होती. दादांनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मला ते हसू आवडलं नाही.

“तन्वी, ही घे तुझी गाडी. एकटीनं लाव. मायलेक दोघं खूश होऊन गेली पायजेत. मावशीनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं पायजे, हाईट बरोबर हाय. मंग तू पक्की.”

नायकमामांनी पाना खाली ठेवला आणि त्या दिवसातला त्यांचा एकमेव शब्द बोलले. “देवा!”

मी ठरवलं, मधला मार्ग काढायचा. मावशीला आधार घेऊन चढता येईल आणि एल्विनला तोंड लपवावं लागणार नाही, एवढी उंची. शेडमधल्या लिफ्टवर दुसरी गाडी होती, म्हणून मागच्या अंगणातल्या उघड्यावरच्या लिफ्टवर गाडी घेतली. गाडीच्या आत डोकावून बघितलं. कोणी नाही. मावशीला खाडीकडच्या भिंतीच्या सावलीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. एल्विन पुढे दादांशी वाद घालत होता.

बटण दाबण्याआधी गाडीखालचे लिफ्टचे चारही पॅड तपासायचे, हा माझा नियम. मग ते परत तपासायचे, कारण पहिल्यांदा तपासताना मी घाबरलेली असते. तर मी वाकून, एकेका पॅडला हात लावून, शांतपणे दोनदा तपासले.

तेवढ्या वेळात फिलूमावशीने स्टूल उचललं, गाडीच्या पलीकडच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि स्टुलावर चढून आत जाऊन बसली. ‘एकदा बसून तर बघते’ म्हणून! आत शेडमध्ये नायकमामांची नट खोलायची एअर गन चालू होती, दार लागल्याचा आवाज कुठून ऐकू येणार?

मी बटण दाबलं.

गाडी वर जायला लागली. छान, सावकाश, जराही न डुगडुगता. मला स्वतःचं कौतुक वाटलं. गाडी डोक्याच्या वर गेली आणि खिडकीतून छत्री बाहेर आली. छत्रीच्या मागे फुलाफुलांची बाही.

मी जी किंचाळले, ती एअर गनच्या वर ऐकू गेली! हात बटणावरून सुटला. बटण सोडलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते. त्यामुळे गाडी थांबली ती वरच. दादा, एल्विन, नायकमामा, सगळे धावत आले.

“मम्मी!” एल्विन ओरडला. “मम्मी, हलू नको! घाबरू नको!”

वर छत्री खिडकीबाहेर तशीच.

दादा माझ्याकडे बघत नव्हते. मला डोळ्यांसमोर ती खुर्ची दिसायला लागली, तो पंखा, तो कॉम्प्युटर. खाली घ्यायचं बटण काही सापडेना.

“एल्विन,” वरून आवाज आला. अगदी सावकाश.

“काय मम्मी? खाली घेतायत, एक मिनिट थांब!”

“पास्कूच्या होडीला रंग दिला रे. निळा.”

आम्ही चौघंही मावशी बघत होती त्या दिशेला बघायला लागलो. आमच्यासमोर कंपाउंडची भिंत होती, फक्त भिंत.

“कसली होडी, मम्मी?”

 मावशीने छत्री आत घेतली. कोपर खिडकीवर टेकवलं, हनुवटी हातावर ठेवली आणि रविवारी चर्चमध्ये बसावं तशी निवांत बसली. वाऱ्याने तिच्या बाहीची फुलं हलत होती. मला बटण सापडलं. मी दादांकडे बघितलं. त्यांनी हाताने ‘थांब’ म्हटलं.

शेवटी दादांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखरच हळू निघाला.

“मावशे, मंग... हाईट बरोबर हाय का?”

“बरोबर कुठली?” मावशी खिडकीतून वाकून थेट माझ्याकडे बघत म्हणाली. “आणखी जरा वर घे गो बाय! या भिंतीमुळे होड्या अर्ध्याच दिसतात!”